सासरेबुवांची डावी बाजू

४ मार्च, मंगळवार

दोन दिवसांचं प्रशिक्षण संपलं. विषय: कामाच्या ठिकाणची मूल्ये आणि निर्णय. प्रशिक्षकांची दाढी गुळगुळीत, बोलणं त्याहून गुळगुळीत. शेवटी प्रत्येकाला ही वही दिली आणि म्हणाले, "कामात शंका आली की इथे लिहा. आणि एक कसोटी लक्षात ठेवा. जो निर्णय घरी जेवताना सांगायला लाज वाटेल, तो घेऊ नका." माझ्या घरी जेवताना मला कोणी बोलू देत नाही, ही अडचण मी त्यांना सांगितली नाही.

मला शंका फारशा येत नाहीत. मी ड्रायव्हिंगची परीक्षा घेतो. गाडी नीट चालवली तर पास, नाही तर पुन्हा या. यात मूल्य कुठून घुसणार? पण वहीचा कागद जाड आहे, पेन छान चालतं, म्हणून लिहितो.

आमच्या मैदानाला तारेची जाळी आहे. आत उमेदवार गाडी चालवतो आणि बाहेर त्याचं गणगोत जाळीत बोटं अडकवून उभं असतं. नवरे हवेत क्लच दाबतात. मुलीने गाडी वळवली की बाप कमरेतून वळतो. बोटांना तार लागते म्हणून मीच पाटी लावून घेतली, 'जाळीत बोटे घालू नयेत.' कोणी वाचत नाही. आपलं माणूस परीक्षेला बसलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. आत भिंतीवर दुसरी पाटी आहे, 'परीक्षक स्वतःच्या नातेवाइकाची परीक्षा घेणार नाही.' तीही माझ्याच आग्रहाने लागली. तिच्याखाली बसलं की मला बरं वाटतं.

९ मार्च, रविवार

सासऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. सासरेबुवांचं लायसन्स संपत आलंय आणि त्यांच्या वयाला नव्याने घ्यायचं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. तारीख एकवीस मिळाली आहे.

मला मजा वाटली. लग्न ठरल्यावर मी गाडी शिकलो ती त्यांच्याकडेच. त्यांची पद्धत एकच, बोलून चालवा. रस्त्यावर जे दिसेल ते मोठ्याने म्हणायचं. पुढे सायकल, उजवीकडे कुत्रं, डावीकडे दोन बायका गप्पांत, मुलाचा हात सोडलाय. "जे बोललात ते पाहिलंत. जे बोलला नाहीत ते पाहिलंच नाही असं मी धरणार," असं म्हणायचे. होणाऱ्या जावयाला त्यांनी भर बाजारातून बोंबलत नेलं होतं. उमेदवाराबद्दल खात्री वाटत नसली, की मी अजून हीच युक्ती वापरतो.

वयामुळे हल्ली जरा विसरभोळे झालेत. बायकोने खपून भाजी नेली होती, ती ताटात डावीकडे तशीच पडून राहिली. "बाबा, आवडली नाही का?" असं तिने विचारलं, तर म्हणाले, "कुठली भाजी?" आम्ही हसलो, ती रुसली. मग त्यांच्या हाताचा धक्का लागून पाण्याचा पेला लवंडला. जेवणानंतर पेपर वाचून दाखवत होते, तर मथळ्यातला पहिला शब्द प्रत्येक वेळी खाल्ला. निवृत्त माणसाला एवढी कसली घाई असते कोण जाणे.

स्टॉपपर्यंत सोडायला गाडी काढली. सासूबाई पूर्वी पुढे बसायला घाबरायच्या, आता हट्टाने पुढेच बसतात आणि तोंडाचा पट्टा सुरू. "सायकल हो. सायकल गेली. आता पोरं. खांब, खांब." मी असतो तर गाडी थांबवून उतरलो असतो. सासरेबुवांनी मात्र हूं की चूं केलं नाही. संसार असाच टिकतो म्हणायचा.

उतरताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, समजा एखादा माणूस पाटीवरची अक्षरं वाचतो, गाडीही बरी चालवतो, पण त्याच्यात काही खोट आहे. तुम्हाला कळते का हो?"

"पाच मिनिटांत," मी म्हणालो.

"असं?" त्यांचा चेहरा एकदम खुलला. मला वाटतं ते वशिल्याची वाट चाचपून बघत होते. बरं झालं, पहिल्या फटक्यातच बंद केली.

१३ मार्च, गुरुवार

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, सासरेबुवांची परीक्षा पासभाऊकडे दिली. पासभाऊ म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा परीक्षक. गाडी चारही चाकांवर परत आली की तो पास करतो. माणूस सोन्यासारखा, नाही म्हणायला जीभ उचलत नाही. "साहेब, तुमचे सासरे ते आमचे सासरे," असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी सासरेबुवांचा फोन आला. "परीक्षा तुम्हीच घेणार ना?"

मी अभिमानाने नियम सांगितला. ते म्हणाले, "दुसरा जो आहे तो कसा आहे?"

"फार प्रेमळ आहे."

"अरेरे," सासरेबुवा म्हणाले. फोनमध्ये खरखर होती, त्यांना बहुधा नीट ऐकू आलं नाही.

मग म्हणाले, रविवारी सरावाला या. आपण दोघंच जाऊ, हिला घरी ठेवू. माझ्याकडून परीक्षेतले बारकावे काढून घ्यायचा बेत दिसतो.

१६ मार्च, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

मी त्यांच्या डावीकडे बसलो. निघताना त्यांनी विचारलं, "बोलून चालवू का?" मी म्हटलं, बाबा, तुम्हाला काय गरज? तरी ते बोलत राहिले. उजवीकडे दुधाची गाडी. समोर सिग्नल, हिरवा. उजवीकडे एक गृहस्थ छत्री झटकतायत. आवाज तोच, लय तीच. मी खिडकीतून बघत जुन्या दिवसांच्या आठवणीत रमलो होतो.

दवाखान्याच्या वळणावर डावीकडच्या फुटपाथवरून एक बाई खाली उतरल्या. म्हाताऱ्या होत्या, भाजीची ढकलगाडी पुढे लोटत होत्या. मला वाटलं आता बाबा बोलतील. मग वाटलं आता ब्रेक दाबतील. आमच्या परीक्षेच्या गाडीत माझ्या पायाशीही ब्रेक असतो, म्हणून माझा पाय आपोआप खाली गेला. पण तिथे नुसती सतरंजी होती. मी हँडब्रेक ओढला. गाडी कचकन थांबली. बाईंना पत्ताही नाही, त्या आपल्या नादात पलीकडे गेल्या.

सासरेबुवा म्हणाले, "कोण होतं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, घरापासून इथपर्यंत त्यांनी डावीकडचं एक अक्षर उच्चारलं नव्हतं. ताटातली भाजी डावीकडे होती. पेलाही डावीकडेच होता. मथळ्याचा पहिला शब्दही डावीकडेच असतो. आणि सासूबाई! मी त्यांना वटवटी समजत होतो.

पाच मिनिटांत ओळखतो म्हणालो होतो.

परत येताना गाडी मी चालवली. इंजिन जरा वेगळं वाजतंय, बघू द्या, असं काहीतरी सांगितलं. वाटभर ते माझ्याकडे बघत होते. घरी सासूबाईंनी दारातच विचारलं, "कसा झाला सराव?" मी म्हणालो, "छान."

१७ मार्च, सोमवार

दिवसभर लोकांच्या परीक्षा घेतल्या आणि डोकं भलतीकडेच होतं.

खरं म्हणजे मला काही करायचंच नाहीये. मी नातेवाईक आहे. परीक्षा पासभाऊ घेणार आणि पास करणार. कागदावर कुठेही माझी सही नाही. माझीच पाटी माझ्या बाजूने उभी आहे. नियम पाळूनही पाप करता येतं, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. प्रशिक्षणात कुणी सांगितलंही नाही, की मी तेव्हा चहाला गेलो होतो?

दुसरीकडे सासूबाईंचे गुडघे आहेत. पोहण्याच्या तलावात व्यायाम करतात म्हणून त्या निदान घरात चालू शकतात. घर टेकडीवर, बसचा स्टॉप खाली, आणि तो चढ त्यांना जन्मात चढवणार नाही. गाडी गेली की तलाव गेला. तलाव गेला की त्या खुर्चीला खिळणार. हे सगळं मी एका वाक्याने करणार. सासू-सासऱ्यांनी मला पोटच्या मुलासारखं वागवलंय. आपलेच दात, आपलेच ओठ.

१८ मार्च, मंगळवार

कसोटी लावली. जेवताना बायकोला सांगितलं.

ती आधी हसली. मग तिला भाजी आठवली असावी, हसू थांबलं. म्हणाली, "एकवीस तारखेला तू काय करणार?"

"मी काहीच करायचं नाहीये. परीक्षा पासभाऊ घेणार."

"म्हणजे तू नामानिराळा."

"नियमच आहे तसा."

"आणि त्या ढकलगाडीवाल्या बाईंनी कुठला नियम पाळायचा?"

मी म्हणालो, ठीक आहे, उद्याच मोठ्या बाईंना सांगतो. तर वाटी आपटून म्हणाली, "खबरदार! माझ्या बाबांची चहाडी ऑफिसात करशील?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग ती बराच वेळ ओटा पुसत राहिली. स्वच्छ ओटाच पुन्हा पुन्हा पुसत होती.

"आधी त्यांना तोंडावर सांग," ती म्हणाली. "ऑफिस मग. पाठीमागे काही नको."

"तू येशील?"

"मी आले तर रडेन. मी रडले की ते काहीही ऐकतात. हे त्यांनी माझ्या रडण्यामुळे ऐकायला नको."

इतकी वर्षं या बाईबरोबर राहून मी मूल्यांचं प्रशिक्षण घ्यायला दुसरीकडे गेलो.

१९ मार्च, बुधवार

अर्धी रजा टाकून गेलो. भाषण पाठ केलं होतं. सुरुवात अशी: बाबा, तुम्हीच मला शिकवलंत की. दार उघडताच विसरलो.

सासरेबुवा नुकतीच गाडी धुऊन हात पुसत होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "बाबा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

सासूबाई खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "सुटले गं बाई."

"पाच मिनिटांत म्हणाला होतात," सासरेबुवा म्हणाले. "दोन रविवार लावलेत."

मी थांबलो असतो तर पुढचं राहूनच गेलं असतं, म्हणून बोलत सुटलो. तुम्ही परीक्षा मागे घ्या. नाही घेतलीत तर मी बाईंना लेखी देणार, पासभाऊलाही सांगणार. मग तुम्ही मला घरात घेतलं नाहीत तरी चालेल. शेवटी आवाज फुटला. शाळेतल्या पोरासारखा उभा होतो मी.

"बसा आधी," ते म्हणाले. "जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. उभा असला की जास्तच वक्री."

मग सगळं निघालं. थंडीत एकदा त्यांना चक्कर आली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेंदूत मोहरीएवढी रक्ताची गाठ अडकली होती, ती विरघळली, पण जाताना नजरेचा डावा कोपरा घेऊन गेली. गाडी चालवू नका, असंही डॉक्टर म्हणाले होते. मुलीला कळवायचं नाही असं दोघांनी ठरवलं.

"मी काय हौस म्हणून बडबडत होते?" सासूबाई म्हणाल्या. "आम्ही दोघं मिळून एक गाडी चालवत होतो."

"रविवारी तू नव्हतीस," सासरेबुवा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ती बाई मी रोज डोळ्यांसमोर आणायला बघतो. येतच नाही. मी तिला पाहिलंच नव्हतं ना." त्यांचे डोळे भरले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं आणि काय करावं ते न सुचून त्यांचा ओला टॉवेल वाळत घालून आलो.

त्यांनी एकच विचारलं, "ही तलावावर कशी जाणार?" मी म्हणालो, शनिवारी मी नेईन, बाकीचं बघू. बाकीचं काय बघणार ते मलाच माहीत नव्हतं.

निघताना त्यांनी मला गाडीची किल्ली दिली. जुडग्यातून ती आधीच काढून बशीत वेगळी ठेवलेली होती, बहुधा गॅरेजला द्यायची असेल. काही असो, माझं बोलणं त्यांना इतक्या लवकर पटलं, याचं समाधान आहे.

२० मार्च, गुरुवार

सासरेबुवा स्वतः ऑफिसात आले, इस्त्रीचा शर्ट घालून. अर्ज मागे घेतला, बाईंना रविवारचं सगळं सांगितलं, लायसन्स टेबलावर ठेवलं. मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. त्या कुणासाठीही उठत नाहीत.

पासभाऊ हळहळला. "काका, मी पास केलं असतं हो!"

"म्हणूनच," सासरेबुवा म्हणाले.

ते गेल्यावर बाईंनी मला आत बोलावलं. "त्यांनी अर्ज मागे घेतला नसता तर?"

"तर मी तुम्हाला सांगितलं असतं."

"तुम्हाला रविवारी कळलं. आज गुरुवार."

मला वाटलं ठपका ठेवतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "प्रशिक्षणात वही मिळाली होती ना? तिच्यात लिहा." लिहिलं.

दुपारी बघतो तर पासभाऊ डबा न उघडता खिडकीशी उभा. मग पुढच्या उमेदवाराला त्याने गाडीत बसवलं आणि काच खाली असल्यामुळे मला ऐकू आलं. "असं करा," तो म्हणत होता, "जे जे दिसेल ते मोठ्याने बोला बघू."

१२ एप्रिल, शनिवार

सासूबाईंना तलावावर नेलं. पण शनिवार एकटाच. परवा टॅक्सी आलीच नाही आणि त्या दारातूनच परत फिरल्या. रात्री जेवताना मी म्हणालो, यावर काहीतरी तोड काढायला हवी.

"मी शिकतेय," बायको म्हणाली.

"काय?"

"गाडी. बाबांशी बोलणं झालंय. लग्नाआधी ते मला शिकवणार होते, पण मध्येच तू उपटलास आणि माझा नंबर तुला दिला."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

४ मे, रविवार

शिकवणी जोरात चालू आहे. बायको स्टेअरिंगवर, नियमाप्रमाणे लायसन्सवाला म्हणून मी तिच्या शेजारी, आणि सासरेबुवा मागे मधोमध, गुरुजी म्हणून. ते म्हणतात, "बोल." ती बोलते. "पुढे रिकामा रस्ता. उजवीकडे मांजर. डावीकडे नवरा, जीव मुठीत धरून बसलाय." मागून शाबासकी येते, "बरोबर पाहिलंस!" ते इतके हसतात की त्यांना ठसका लागतो. गाडी चालवणं सुटल्यावर हे खचतील असं मला वाटत होतं. उलट दोन शर्ट नवे शिवून घेतलेत.

पासभाऊ म्हणाला, वहिनींना माझ्याकडे पाठवा. बायकोने निरोप दिला, "मला मोठ्या बाईंकडेच परीक्षा द्यायची आहे." मी तिला बाईंचा हात किती कडक आहे ते सांगितलं. ती म्हणाली, म्हणूनच. बापाचं रक्त.

२३ मे, शुक्रवार

नापास. चढावर थांबवून पुन्हा निघताना गाडी हातभर मागे घसरली. बाईंनी ऑफिसात येऊन माझ्यासमोर माझ्या बायकोला नापास केलं आणि वर सांगितलं, "घरी परीक्षक असून हँडब्रेक शिकवला नाही?" अख्खं ऑफिस हसलं.

घरी ती भांडली नाही, रडली नाही. म्हणाली, "बरोबर केलं त्यांनी. मागे कुणी असतं तर?" मला इतकं बरं वाटलं की मी रात्रीची भांडी घासली.

१३ जून, शुक्रवार

आज पुन्हा परीक्षा. नातेवाईक म्हणून मैदानात थांबायचं नाही, हा नियम मीच स्वतःला घालून घेतलाय. म्हणून सासरेबुवांना घेऊन जाळीबाहेर उभा राहिलो. मी त्यांच्या डावीकडे. आता सवयच झाली आहे.

बायकोने गाडी सुरू केली. समोरून उजवीकडे वळली तोवर सासरेबुवांना सगळं दिसत होतं. "आरसा बघितला. इंडिकेटर दिला. छान." मग गाडी लांब वळसा घेऊन डावीकडे गेली आणि ते थांबले. चढ डावीकडेच आहे.

"जावईबापू," ते म्हणाले, "बोला."

मी बोलायला लागलो. चढाला लागली. निम्म्यावर आली. बाईंनी हात वर केला. थांबली. हँडब्रेक लावला. आता बाई काहीतरी लिहितायत. आता निघायचंय.

"मागे येतेय का?"

"थांबा. अजून नाही. इंजिनचा आवाज वाढला." माझा डावा पाय जमिनीवर क्लच सोडत होता, हळूहळू. "हँडब्रेक सोडला. बाबा, धरलीय तिने. एक बोटभर हलली नाही. निघाली. वर गेली, बाबा, वर गेली!"

सासरेबुवांनी माझा हात शोधायला हात पुढे केला, पण माझा हात जागेवर नव्हता.

मैदानातून पासभाऊ ओरडला, "साहेब, पाटी वाचा!"

बघतो तर माझी दहाही बोटं जाळीत.